एस२००० बजेटबाहेर गेली, जुनी मियाता घ्यावी का? (बे एरिया)

सारंग_सनीवेल

नमस्कार मंडळी. सॅन फ्रान्सिस्को बे एरियात, सनीवेलला राहतो. घरात एक सेडान आहे, रोजच्या कामाला ती पुरते. शनिवार-रविवारी डोंगरात न्यायला दोन सीटांची, टप उघडणारी छोटी स्पोर्ट्स कार घ्यायचं बऱ्याच दिवसांपासून मनात आहे. बजेट बारा हजार डॉलर, ताणलं तर चौदा.

डोक्यात होती होंडा एस२०००. दोन लिटरमध्ये २४० हॉर्सपॉवर आणि नऊ हजार आरपीएमची रेडलाइन (इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा), कॉलेजात असल्यापासून तिची चित्रं जमवतोय. पण धड स्थितीतली एस२००० आता वीस हजारांच्या वरच आहे, आणि स्वस्तात मिळते ती कुठेतरी आपटलेली निघते. ऑफिसातला एक जण म्हणाला, माझदा मियाता घे. कागद काढून बघितला तर पहिल्या मियातात ११६ हॉर्सपॉवर! आमच्या सेडानमध्ये याहून जास्त आहे. एवढ्याशा ताकदीच्या गाडीला स्पोर्ट्स कार कशाला म्हणायचं, हे कोणी समजावून सांगेल का? आणि घ्यायचीच ठरवली तर चार पिढ्यांपैकी कुठली? माझी उंची सहा फूट एक इंच आहे, हेही लक्षात घ्या.

घाटवळण

सारंग, मी फ्रीमाँटला असतो. माझ्याकडे १९९४ ची पहिल्या पिढीची मियाता आहे, १८०० सीसी, पांढरी. सांताक्रूझच्या एका निवृत्त शिक्षिकेकडून घेतली. गाडीचं बहुतेक काम घरीच करतो, त्यामुळे ती आतून कशी बांधली आहे हे हाताने बघितलंय. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हॉर्सपॉवरच्या आकड्याशेजारी वजनाचा आकडा लिहा, मग बोलू. १९९० ची मियाता सुमारे ९६० किलो भरते. एस२००० साधारण १२७० किलो. आजची मध्यम सेडान दीड टनाच्या आसपास. वजन कमी असलं की फक्त पिकअपच सुधारतो असं नाही. ब्रेकला कमी ऊर्जा जिरवावी लागते, टायरवर वळणात कमी भार येतो, म्हणून रुंद टायर लागत नाहीत. अरुंद टायर चालतात म्हणून चाकं हलकी ठेवता येतात, आणि चाकं हलकी म्हणून स्प्रिंग व शॉकअब्सॉर्बर मऊ ठेवूनही चाक रस्ता सोडत नाही. एक किलो वाचवला की त्याच्या मागे आणखी काही किलो वाचतात. पहिल्या मियाताचे टायर होते १८५/६०, चौदा इंची. आजच्या लहान हॅचबॅकलासुद्धा याहून मोठे असतात.

आता हे वजन ठेवलंय कुठे ते बघा. इंजिन पुढे असलं तरी शक्य तेवढं मागे ओढून बसवलंय. बॅटरी बॉनेटखाली नाही, डिकीत आहे. बॉनेट ॲल्युमिनियमचं. दोघं बसले की पुढच्या आणि मागच्या चाकांवर भार जवळपास निम्मा-निम्मा पडतो. जड वस्तू टोकांना न ठेवता मध्यावर गोळा केल्यामुळे स्टिअरिंग फिरवलं की नाक लगेच वळतं, आधी थोडं सरळ जाऊन मग वळत नाही. हा फरक टेस्ट ड्राइव्हच्या पहिल्या चौकातच कळतो.

चारही चाकांना डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन त्रिकोणी हात. वळणात गाडी कलते, पण हातांची लांबी अशी निवडलेली असते की चाक गाडीबरोबर तेवढं कलत नाही आणि टायरचा तळवा रस्त्याला टेकून राहतो. साध्या, स्वस्त गाड्यांमध्ये पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे खाली एकच हात आणि वर शॉकअब्सॉर्बरचाच खांब. त्यात हे साधणं कठीण. हे सस्पेन्शन महाग पडतं आणि जागा खातं. तेरा हजार आठशे डॉलरला विकायच्या गाडीत (१९८९ मध्ये मूळ किंमत तेवढी होती) ते घालायला वरिष्ठांना पटवावं लागलं असणार.

पण मला सगळ्यात आवडणारी गोष्ट गाडीखाली झोपल्याशिवाय दिसत नाही. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअर) ॲल्युमिनियमची एक लांब जाळीदार तुळई बोल्टने आवळलेली आहे. तिला पॉवर प्लांट फ्रेम म्हणतात. एरवी पाय दाबला की डिफरन्शियल रबरी बुशांवर आधी थोडं पिळवटतं, मग चाकाला जोर मिळतो. आणि पाय उचलला की उलटा झटका. या तुळईमुळे इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल मिळून एकच कडक वस्तू होते. पायाची हालचाल आणि मागच्या चाकाचा प्रतिसाद यांच्यात ढिलेपणा उरत नाही. गिअरचा दांडा एका गिअरमधून दुसऱ्यात जायला जेमतेम पन्नास मिलिमीटर सरकतो, नुसतं मनगट हलवायचं. ११६ हॉर्सपॉवरपैकी एकही कुठे हरवत नाही, आणि म्हणूनच ती पुरते.

ही गाडी तुमच्या-आमच्या राज्यातच आकाराला आली, हेही माहीत असू दे. बॉब हॉल नावाचा कॅलिफोर्नियातला मोटार-पत्रकार. १९७९ मध्ये त्याने माझदाच्या केनिची यामामोतोंना सांगितलं की जुन्या ब्रिटिश रोडस्टरसारखी, म्हणजे दोन सीटांची उघडी, हलकी, स्वस्त गाडी आता कोणी बनवत नाही, तुम्ही बनवा. पुढे हॉल स्वतः माझदात गेला. त्याचं म्हणणं काळाला धरूनच होतं. अशा ब्रिटिश गाड्या बनवणाऱ्या एमजीचा ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद पडला, ट्रायम्फ स्पिटफायर त्याच वर्षी संपली. माझदात तीन आराखड्यांची स्पर्धा लागली: पुढे इंजिन-पुढची चाकं ओढणारी, मधे इंजिन, आणि अर्व्हाइनच्या स्टुडिओची पुढे इंजिन-मागची चाकं ढकलणारी. तिसरी जिंकली. चालता नमुना इंग्लंडात वर्दिंगला आयएडी कंपनीने बांधला आणि १९८५ मध्ये तो सांता बार्बराच्या रस्त्यांवर फिरवून बघितला. तोशिहिको हिराई हे प्रकल्पाचे प्रमुख. फेब्रुवारी १९८९ च्या शिकागो मोटार शोमध्ये गाडी लोकांसमोर आली.

आदर्श समोर होता तो १९६२ च्या लोटस एलानचा. लोटसच्या संस्थापकाची, कॉलिन चॅपमनची ती गाडी सातशे किलोंच्याही आत होती, मधोमध पोलादी कणा आणि वर फायबरची बॉडी. मिटणाऱ्या डोळ्यांसारखे वर उघडणारे हेडलाइट मियाताने तिथूनच घेतले. एलान चालवायला अप्रतिम, पण सांभाळणं हा स्वतंत्र उद्योग. माझदाने तीच चाल रोज सकाळी सुरू होणाऱ्या गाडीत आणली. माझ्या मते स्पोर्ट्स कारच्या इतिहासात यापेक्षा मोठं काम थोड्यांनीच केलंय. मे २००० मध्ये सर्वाधिक खपाची दोन सीटांची स्पोर्ट्स कार म्हणून गिनीजने नोंद केली, आणि एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली.

कुठली घ्यावी याचं माझं मत: १९९४ ते ९७ मधली १८०० सीसी, किंवा १९९९ पासूनची दुसरी पिढी. १९९४ पासून डावीकडे-उजवीकडे दोन्ही एअरबॅग मिळतात, बॉडीला जास्तीचे आधार दिलेले आहेत, आणि काही गाड्यांत टॉर्सन डिफरन्शियल (एक चाक घसरायला लागलं तर दुसऱ्याला जास्त जोर देणारं) असतं. ते असलेली मिळाली तर सोडू नका. वर्षापेक्षा गाडीची बॉडी बघा. इंजिन दुरुस्त होतं, सडलेलं पोलाद होत नाही.

सरळरेषा

घाटवळण यांच्या माहितीबद्दल आदर आहे, पण एस२००० ला फक्त हॉर्सपॉवरवाली गाडी म्हणून बाजूला सारू नका. माझ्याकडे २००२ ची आहे, सॅन होजेत. तिचंही इंजिन पुढच्या चाकांच्या रेषेच्या पूर्ण मागे आहे. तिलाही चारी बाजूंना डबल विशबोन, वजन निम्मं-निम्मं. टप उघडला की बहुतेक गाड्या पेटीचं झाकण काढल्यासारख्या लिबलिबतात, खड्ड्यावरून गेलं की आरसा थरथरतो. होंडाने मधल्या बोगद्यालाच मुख्य तुळई बनवलं, म्हणून एस२००० चा सांगाडा उघड्या गाडीच्या मानाने फार कडक आहे. पहिल्या पिढीच्या मियातात बसून रेल्वे फाटक ओलांडा, फरक कळेल.

दुसरं, सांताक्रूझला जाणाऱ्या हायवे १७ वर चढणीला उजवीकडून आत शिरायचं असतं, मागून ट्रक येत असतो, तेव्हा ११६ हॉर्सपॉवर किती कमी पडते ते तिथेच समजतं. सारंग, तुमचं मन एस२००० वर आहे तर आणखी वर्षभर पैसे साठवा. मनाविरुद्ध घेतलेली गाडी गॅरेजमध्येच राहते.

घाटवळण

एस२००० चा सांगाडा आणि ते इंजिन, दोन्ही होंडाच्या उत्तम कामांपैकी आहेत, त्याबद्दल वाद नाही. माझा मुद्दा रस्त्याचा आहे. तिची कमाल ताकद ८३०० आरपीएमला मिळते, आणि सहा हजारांच्या आसपास व्हीटेकचा (व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा) दुसरा कॅम लागेपर्यंत ती साधीच गाडी वाटते. दुसऱ्या गिअरमध्ये नऊ हजारांपर्यंत नेलं की काटा ताशी साठ मैलांच्या पुढे. साराटोगाहून हायवे ९ ने स्कायलाइनला चढताना साठ मैल कुठे गाठणार? वळणामागे सायकलवाले असतात, समोरून घोड्यांचे ट्रेलर येतात. तिथे मियाता दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जोर लावून चालवता येते, ब्रेक नीट लावता येतो, वळणात टायर कुजबुजायला लागेपर्यंत जाता येतं, आणि हे सगळं कायद्याच्या जवळपास राहून. वुडसाइडहून हायवे ८४ ने ला होंडा आणि पुढे सॅन ग्रेगोरियोच्या समुद्रापर्यंत जा. रेडवूडच्या सावलीतला तो रस्ता अशा गाडीसाठीच आहे. पूर्ण गाडी वापरायला मिळणं हे सुख मोठं आहे, आणि ते मोठ्या ताकदीच्या गाडीत सार्वजनिक रस्त्यावर मिळत नाही.

हायवे १७ चं मात्र खरं आहे. तिथे आधीच तिसऱ्या गिअरमध्ये उतरून, इंजिन पाच हजारांवर ठेवून शिरायचं. मागच्याला तुम्ही दिसत नाही असं धरूनच चालवा. आजच्या एसयूव्हीच्या बॉनेटपेक्षा तुमचं डोकं खाली असतं.

वर्दिंगकर

वर्दिंगचं नाव वाचून राहवलं नाही, मी तिथून जवळच होव्हला राहतो. माझी गाडी युनोस रोडस्टर आहे. जपानमध्ये मियाता युनोस रोडस्टर या नावाने विकली जात असे. आपल्यासारखंच उजव्या बाजूला स्टिअरिंग असल्याने जपानहून इथे भरपूर आल्या.

वजनाच्या मुद्द्याला एक पुरावा देतो. १९९६ ची पहिली लोटस एलीज. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या चिकटवून केलेला सांगाडा, रोव्हरचं १.८ लिटर इंजिन, ११८ हॉर्सपॉवर, म्हणजे सारंग ज्या आकड्याला नाकं मुरडतायत जवळपास तोच. पण गाडी सव्वासातशे किलोंच्या आसपास. शून्य ते साठ मैल सहा सेकंदांच्या आत. मियाताला त्याच कामाला साडेआठ-नऊ लागतात. फरक इंजिनाने नाही, वजनाने पाडला.

आता गंज. आमच्याकडे पाऊस आणि रस्त्यावरचं मीठ, दोन्ही आहेत, म्हणून हे मी अगदी जीव तोडून सांगतोय. टपाच्या मागच्या कडेला पडलेलं पाणी सीटच्या मागे दोन नळ्यांतून खाली जातं. त्या नळ्या पालापाचोळ्याने तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ सिलमध्ये साचतं आणि सिल आतून सडतं. बाहेरून रंग चकचकीत, बोटाने दाबलं की भगदाड. मागच्या चाकासमोरचा सिलचा भाग आणि जॅक लावायची जागा आधी बघा. इथे वार्षिक तपासणीत बहुतेक याच ठिकाणी गाड्या नापास होतात. कॅलिफोर्नियातली, कोरड्या गावातली गाडी मिळणं हे भाग्य आहे तुमचं.

अबोली_एनसी

सारंग, रोज वापरायची वेळ आली तर तिसऱ्या पिढीचाही विचार करा. माझी २००८ ची आहे, पॉवर हार्डटॉपवाली, म्हणजे मोटरने दुमडणाऱ्या कडक छताची. छत बारा सेकंदांत मागे जातं आणि डिकीची जागा खात नाही. दोन लिटर इंजिन, महामार्गावर आवाज कमी, माउंटन व्ह्यू ते ओकलंड रोज केलंय. पहिल्या पिढीइतकी चपळ नाही, हे मी मान्य करते. पण सासू-सासरे पुण्याहून आले तेव्हा सासऱ्यांना शेजारी बसवून हाफ मून बेला नेलं, त्यांनी कमरेची तक्रार केली नाही. तुमच्या उंचीलाही तीच सोयीची पडेल.

सारंग_सनीवेल

सर्वांचे मनापासून आभार. काल एका ठिकाणी १९९० ची लाल १६०० सीसी बघितली. साडेसात हजार सांगतोय. बॉडी स्वच्छ वाटली, सिलवर टकटक केलं, आवाज भरीव आला. पण बसलो तर डोकं टपाला लागतं आणि नजर काचेच्या वरच्या पट्टीवर येते. मालक म्हणतो, इंजिन सुरू केल्यावर टिकटिक येते ती सगळ्यांनाच येते. खरं का? १६०० मध्ये आणखी काय बघायचं?

घाटवळण

टिकटिक हायड्रॉलिक लिफ्टरची (तेलाच्या दाबाने व्हॉल्व्हजवळची फट भरणारा भाग) असते. थंड इंजिनला थोडा वेळ येणं नेहमीचं, बऱ्याचदा तेल बदललं की कमी होते. गरम झाल्यावरही चालूच राहिली तर भाव खाली आणा.

१६०० मध्ये खरी गोष्ट बघायची ती क्रँकशाफ्टच्या (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) नाकाची. १९९० आणि ९१ च्या सुरुवातीच्या गाड्यांत पुढची पुली ज्यावर बसते ते टोक आखूड होतं. पुलीचा मधला बोल्ट कोणी नीट आवळला नाही तर पुली हलत राहते, चावीची खाच खाल्ली जाते आणि शेवटी क्रँकच निकामी होतो. बॉनेट उघडा, टॉर्च घेऊन खालच्या पुलीच्या मध्यभागी बघा. चार खाचा दिसल्या तर आखूड नाकाचा, आठ दिसल्या तर लांब नाकाचा. चार असल्या म्हणून गाडी सोडून देऊ नका. इंजिन चालू ठेवून बघा, पुली डगमगते का. स्थिर फिरत असेल आणि टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप चालवणारा पट्टा) बदलल्याची पावती असेल तर पुढे जा. बेल्ट साठ हजार मैलांना बदलायचा असतो. तो तुटला तरी या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, एवढा दिलासा आहे.

रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी काळी असावी. तपकिरी-हिरवट झाली असेल तर चिरायची वेळ आलीय, लगेच बदला. क्लच ढकलणारा स्लेव्ह सिलिंडर गळतोय का ते चाकाजवळून बघा, स्वस्त काम आहे. मागची काच प्लॅस्टिकची असेल तर टप दुमडण्याआधी तिची चेन उघडून काच सपाट खाली टाकायची. मालक चेन न उघडता टप पाडत असेल तर बाकी निगाही त्याने तशीच राखलीय असं समजा.

उंचीचं: सीटचं कव्हर काढून बुडाखालचा आणि पाठीचा फोम थोडा कापतात, उंच लोकांत ही जुनी पद्धत आहे. दीड-दोन इंच खाली जाता. आधी टप उघडून बसून बघा, गुडघे स्टिअरिंगला लागतात का तेही बघा. गुडघे लागत असतील तर फोम कापून उपयोग नाही, अबोलीताई म्हणतात ती तिसरी पिढी घ्या.

आणि मागे रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी नळी) बसवायचा ठरवलात तर सीट मागे सरकवून डोकं बारच्या किती जवळ येतं ते मोजा. हेल्मेट नसताना डोकं नंग्या नळीवर आपटलं तर बार असून नसल्यासारखा. जाड पॅडिंग लावा.

पिंपरी_स्पॅनर

वाचून जीव जळतोय. पिंपरीत राहतो. मियाता भारतात आणता येईल का हो कुठून? माझदाचं नाव इथे फक्त स्वराज माझदाच्या ट्रक-बसवर बघितलंय.

वर्दिंगकर

जुनी आणणं अवघड. भारतात वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि उजव्या स्टिअरिंगची हवी. पहिली पिढी म्हणजे विषयच संपला. चौथी पिढी चालेल, ती पुन्हा सुमारे हजार किलोंवर आणलीय आणि लांबीला पहिलीपेक्षाही कमी आहे, पण आयात शुल्क भरून तिची किंमत कुठच्या कुठे जाते. आपल्याकडे सॅन स्टॉर्म म्हणून दोन सीटांची गाडी झाली होती, फायबरची बॉडी, रेनॉचं ११४९ सीसी इंजिन. पुढच्या चाकांना जोर, त्यामुळे मियाताची गंमत नाही. पण हलकी आहे. कोणाच्या गॅरेजात पडून असेल तर जाऊन बघाच.

सारंग_सनीवेल

आज टॉर्च घेऊन गेलो. चार खाचा, पण पुली स्थिर, बेल्टची पावती आहे, गुडघे लागत नाहीत. मालकाने टप पाडताना आधी चेन उघडली. सात हजारांवर आलाय. शनिवारी आगाऊ रक्कम देतोय. घाटवळण, फोम कापायला कुठली सुरी वापरलीत?

घाटवळण

ब्रेड कापायची, लांब दात्यांची. आधी मार्करने रेषा मारा, थोडा थोडा कापा, दर वेळी बसून बघा. पाठीचा फोम शेवटी. कव्हराच्या कड्या काढायला साइड कटर लागेल, परत लावायला नवीन हॉग रिंग आणि त्यांची पक्कड आणा. पक्कड माझ्याकडे आहे, फ्रीमाँटला येऊन घेऊन जा.